फोटो काढा, पण खाली काय लिहाल?

रमजान सुरू झाला की वर्तमानपत्रांत काही छायाचित्रे ठरलेली असतात. पहिल्या दिवशी चंद्रकोर आणि मशिदीचा मिनार. दोन-चार दिवसांनी मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरचा मालपुव्याचा भलामोठा तवा, मागे मिनारा मशिदीची रोषणाई. मग शेगडीवरचे कबाब आणि धूर. शेवटच्या आठवड्यात बांगड्यांच्या दुकानासमोर बुरख्यातल्या बायका, बहुतेक वेळा पाठमोऱ्या. आणि ईदच्या दिवशी गळाभेट घेणारी दोन लहान मुले. खालच्या ओळीही ठरलेल्या: 'खवय्यांची गर्दी', 'बाजारपेठा फुलल्या', 'ईदचा उत्साह'.

ही छायाचित्रे वाईट नसतात. काढणारा छायाचित्रकार बिचारा उपाशीपोटी, गर्दीत धक्के खात उभा असतो. तरी इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली आहे. तव्यामागे उभ्या असलेल्या माणसाचे नाव मला त्या ओळीत कधी वाचायला मिळालेले नाही. तव्याचे वर्णन असते, मालपुव्यात किती अंडी पडतात तेही असते. माणूस मात्र 'विक्रेता' असतो.

मी उर्दू शाळेत शिकले, एम.ए. मराठीत केले आणि आता महाविद्यालयात मराठी शिकवते. दोन भाषांत राहणाऱ्याला शब्द हातात घेऊन तोलायची खोड लागते. मराठीत 'ओळख' हा एकच शब्द तीन कामे करतो. गर्दीत एखादा चेहरा ओळखला, ती ओळख. शेजाऱ्याशी जाणे-येणे सुरू झाले, तीही ओळख. आणि सरकारी कार्डावर छापलेली असते, तीसुद्धा ओळखच. उर्दूत यातल्या पहिल्या दोघींची घरे वेगळी आहेत. नजरेने पटते ती 'पहचान', बोलण्यातून होतो तो 'तआरुफ'. पहचान एकतर्फी असू शकते. मी तुम्हाला रोज पाहते, तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. तआरुफला मात्र दोन माणसे लागतात. एकाने नाव सांगायचे, दुसऱ्यानेही सांगायचे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे फोटो काढणे हा छंदही आहे आणि व्यवसायही. अशा वेळी आपण त्या माणसाची नुसती पहचान करून घेतो आहोत की त्याच्याशी तआरुफ करतो आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवे. माझे मत सरळ आहे. रस्त्यावर कुणा एकट्या माणसाचा चेहरा टिपायचा असेल, तर आधी बोलावे, मग कॅमेरा काढावा, आणि त्या फोटोखाली काय लिहिणार हे त्याला सांगावे.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ब्रँडन स्टँटन हा शिकागोत रोखे बाजारात काम करणारा तरुण. २०१० मध्ये त्याची नोकरी गेली आणि तो कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कला आला. शहरातल्या दहा हजार माणसांचे फोटो काढायचे आणि ते शहराच्या नकाशावर मांडायचे, असा त्याचा बेत होता. फोटो काढता काढता तो लोकांशी बोलू लागला, त्यांची वाक्ये फोटोखाली देऊ लागला, आणि नकाशा मागे पडला. 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क' नावाचा हा उपक्रम जगभर पोहोचला, २०१३ मध्ये त्याचे पुस्तक आले. त्याची रीत साधी आहे. समोरचा माणूस बाकावर बसलेला असेल, तर हा त्याच्यापेक्षा खाली, जमिनीवर टेकतो. आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ कोणता, सध्या कशाशी झगडता आहात, असे प्रश्न विचारतो. आणि मग गप्प बसून ऐकतो.

ऐकण्याने काय होऊ शकते, तेही याच उपक्रमात दिसले. २०१५ च्या जानेवारीत ब्रुकलिनच्या एका गरीब वस्तीत स्टँटनने एका शाळकरी मुलाला विचारले, तुझ्यावर सर्वांत जास्त प्रभाव कुणाचा? मुलाने आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचे नाव सांगितले. स्टँटन त्या शाळेत गेला, वाचकांना आवाहन केले आणि शाळेसाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्याच वर्षी तो पाकिस्तानात गेला. तिथल्या वीटभट्ट्यांवर पिढ्यान्पिढ्या कर्जापोटी राबणाऱ्या मजुरांशी बोलला, आणि त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या संघटनेला वीस लाख डॉलरहून अधिक मदत मिळाली. नुसता वीटभट्टीचा फोटो असता तर लोकांनी 'अरेरे' म्हणून पान उलटले असते. पैसे दिले ते माणसाने सांगितलेली हकिगत वाचून.

याच्या उलट घडते तेव्हा काय होते? जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी दोन घेऊ.

१९३६ मध्ये अमेरिकेत महामंदी होती. सरकारी कामावर असलेल्या छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ शेतमजुरांच्या तळावर एका आईचे फोटो काढले. गालाला हात लावून दूर पाहणारी, मुले कुशीत शिरलेली. 'मायग्रंट मदर' म्हणून तो फोटो जगभर पोहोचला, पुढे अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आला. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते, हे त्यांनीच नंतर लिहिले आहे. ते नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळले ते १९७८ मध्ये. त्या तेव्हा सत्तरीत होत्या. फोटो काढला नसता तर बरे झाले असते, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. लँग यांच्या नोंदीत या कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न घेतल्याचे लिहिले आहे. थॉम्पसन यांच्या मुलांनी पुढे सांगितले की टायर विकलेच नव्हते. चाळीस वर्षे साऱ्या जगाने एका बाईच्या चेहऱ्यावर दया केली आणि तिच्याविषयीचा तपशील मात्र तिला कुणी विचारला नाही.

दुसरा चेहरा आपल्या उपखंडातला. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. १९८५ च्या जून महिन्यात तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. 'अफगाण मुलगी' एवढेच तिचे नाव. सतरा वर्षांनी, २००२ मध्ये, तिचा शोध लागला तेव्हा ती शरबत गुला आहे हे जगाला समजले, आणि आपला चेहरा जगभर गाजला आहे हे तिला समजले. तोपर्यंत तिने तो फोटो पाहिलेलाही नव्हता. पुढे २०१६ मध्ये याच शरबत गुलाला पाकिस्तानात बनावट ओळखपत्र बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि अफगाणिस्तानात परत पाठवले गेले. साऱ्या दुनियेला जिच्या चेहऱ्याची पहचान होती, तिच्याकडे स्वतःची म्हणून एक धड ओळख नव्हती. मघाशी म्हटले ते 'ओळख' शब्दाचे तिन्ही अर्थ या एका बाईच्या आयुष्यात असे एकमेकांवर आदळले.

कुणी म्हणेल, कायदा काय सांगतो ते पाहा, भावनेचे काय? तर कायदाही एका सुरात बोलत नाही. छायाचित्रकार फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उंचावर दिवे बांधून, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नकळत त्यांचे चेहरे टिपले आणि त्यांच्या मोठ्या प्रती कलादालनातून विकल्या. त्यात एक दाढीवाले, काळी टोपी घातलेले वृद्ध ज्यू गृहस्थ होते. आपल्या धर्मश्रद्धेत आपल्या प्रतिमेचा असा वापर बसत नाही, असे सांगत ते न्यायालयात गेले. २००६ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. ही कला आहे, आणि कलेला मोकळीक आहे, असा त्याचा आशय. त्याआधी १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला होता. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो तिला न विचारता मासिकात छापला गेला होता. न्यायालयाने तिला दोन हजार डॉलरची भरपाई दिली. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा फोटोचा कर्ता म्हणून फोटो काढणाऱ्याला ओळखतो. चेहरा ज्याचा आहे त्याला त्या हक्कात जागा नाही. म्हणजे न्यायालयात जिंकता येईल की नाही, हा एक प्रश्न झाला. त्या वृद्ध गृहस्थांना वाईट वाटले असेल की नाही, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला वकील लागत नाही.

गेल्या वर्षी रमजानमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या तृतीय वर्षाच्या दहा विद्यार्थ्यांना घेऊन मी मुंबईला गेले. अभ्यासक्रमात मुलाखतलेखन आहे. वर्गात बसून मुलाखत शिकवणे म्हणजे पाटावर पोहणे शिकवण्यासारखे. दहांत सहा हिंदू, एक बौद्ध, तिघे मुस्लिम. मोहम्मद अली रोडवर पहिल्यांदाच आलेले त्यातले आठ. दुपारी चारला आम्ही जे. जे. उड्डाणपुलाखाली पोहोचलो. वर गाड्या पळत होत्या, खाली दुकानदार फळ्या टाकत होते. इफ्तारच्या आधीचे हे दोन-तीन तास बोलायला चांगले. विक्री सुरू झाली की कुणाला मान वर करायला वेळ नसतो. नियम एकच होता. पहिली पंधरा मिनिटे मोबाइल पिशवीत ठेवायचा आणि आधी स्वतःचे नाव-गाव सांगायचे.

एका गटाला मालपुवा तळणारा कारागीर भेटला. उत्तर प्रदेशातून फक्त या महिन्यापुरता येतो, बाकी वर्षभर गावाकडे लग्नाच्या जेवणावळींत काम करतो. रोजा ठेवून तापलेल्या तव्यासमोर उभे राहायचे, आणि रोजा सोडायच्या वेळीच गिऱ्हाईक तुटून पडते, म्हणून एक खजूर आणि दोन घोट पाणी घेऊन पुन्हा झारा हातात. तो म्हणाला, "फोटो सब तवे का निकालते हैं." मुलांनी त्याचा फोटो मागितला तेव्हा त्याने दहा मिनिटांची सवड मागितली. आत गेला, तोंड धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि बंद शटरसमोर ताठ उभा राहिला. स्पर्धेला पाठवायचा म्हटला तर तो फोटो पहिल्याच फेरीत बाद होईल. त्यात धूर नाही, ज्वाळा नाही, रंग नाही. पण त्याला तो असाच हवा होता, आणि घरच्यांना पाठवायला त्याने तो लगेच आपल्या मोबाइलवर मागून घेतला.

दुसऱ्या गटाला रस्त्याच्या कडेला पुदिना, कोथिंबीर आणि लिंबे घेऊन बसलेली एक मावशी भेटली. मुले हिंदीत सुरू झाली, मावशीने मराठीत उत्तर दिले. मूळची पुणे जिल्ह्यातली, लग्न होऊन मुंबईत आली त्याला तीस वर्षे झाली. "गणपतीत फुलं, रमजानात पुदिना-लिंबू, मार्गशीर्षात पाच फळं. देव बदलतो, टोपली तीच," असे म्हणून ती हसली. रमजानचा महिना तिच्या वर्षभराच्या हिशेबात किती मोठा आहे, हे त्या मुलांना कुठल्याच फोटोतून कळले नसते. बंदोबस्तावरच्या एका हवालदारांनी फोटोला साफ नकार दिला. ड्युटीवर आहे, म्हणाले. बोलले मात्र भरपूर. त्यांच्यावर लिहिलेले पान फोटोशिवायच आहे आणि दहा पानांत मला ते सर्वांत जास्त आवडते.

जिन्याच्या पायरीवर बुरखा घातलेली एक बाई लहान मुलाला घेऊन बसली होती. माझी एक विद्यार्थिनी तिच्याजवळ जाऊन टेकली. ती बाई घरी ईदचे कपडे शिवते, नगावर पैसे मिळतात, शेवटच्या दहा दिवसांत रात्रभर मशीन चालते. फोटोचे विचारल्यावर ती म्हणाली, "पीछे से मत निकालना. सामने से निकालो, नहीं तो मत निकालो." थोडे थांबून तिने चेहऱ्याऐवजी हात पुढे केले. त्या फोटोत दोन हात आहेत, गळ्यातून ओघळलेली मोजपट्टी आहे, आणि बोटांवर सुईच्या टोचण्याच्या खुणा आहेत. पाठमोऱ्या बुरख्यांचे शेकडो फोटो मी पाहिले आहेत. त्यातल्या कुठल्याही फोटोने त्या बाईविषयी मला एवढे सांगितलेले नाही.

आणि एक फळविक्रेता. कलिंगड आणि पपई कापून थाळ्या लावत होता. बोलायला हसरा. फोटोचे विचारल्यावर मात्र त्याचा सुरीचा हात थांबला. "निकालो. लेकिन नीचे क्या लिखोगे?"

मुलांना आधी प्रश्नच कळला नाही. मला कळला. २०२० च्या टाळेबंदीत मुस्लिम फळ-भाजी विक्रेत्यांविषयी जुने, अर्धवट तोडलेले व्हिडिओ भलत्याच मजकुरासह गावोगाव फिरले होते. कित्येक गल्ल्यांत हातगाड्या अडवल्या गेल्या, नावे विचारून परत पाठवले गेले. फोटोतला चेहरा तोच राहतो. खालची एक ओळ बदलली की तो माणूस कष्टकरी तरी ठरतो, नाहीतर गुन्हेगार तरी. २००२ च्या गुजरात दंगलीतला, हात जोडून जीव वाचवायची याचना करणारा तरुण आपल्याला आठवतो. तो चेहरा दंगलीचे प्रतीक झाला. वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या मजकुरासह तो पोस्टरवर छापला, आणि माझा फोटो वापरणे थांबवा, असे त्या माणसाला पुढे अनेकदा सांगावे लागले. तेव्हा त्या फळवाल्याची शंका निराधार नव्हती. टोपी घातलेल्या, दाढी राखलेल्या माणसाला आज कॅमेऱ्याची भीती वाटते ती खालच्या ओळीमुळे.

माझ्या विद्यार्थ्याने मग वही काढली आणि तिथेच चार ओळी लिहून त्याला वाचून दाखवल्या. त्याने एक दुरुस्ती सुचवली. 'फळे विकून गुजराण करतो' असे लिहिले होते, ते काढून 'दोन मुलींना शिकवतो' असे घालायला सांगितले. मुलाने तसे केले. मग फोटो निघाला, आणि फोटोत तो हसतो आहे.

या मताविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मी जाणते. विचारत बसलात तर क्षण निघून जातो, असे छायाचित्रकार सांगतात, आणि ते खरे आहे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांची अमर छायाचित्रे कुणाची परवानगी घेऊन निघालेली नाहीत. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करत व्हिव्हियन मायर यांनी लाखाहून अधिक फोटो काढले, बहुतेक रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे. ते २००७ नंतर लोकांसमोर आले, आणि न विचारता काढूनही त्यात माणसांविषयी केवढी समज आहे हे दिसते. पोलिसांचा लाठीमार, मोर्चा, दंगल, पूर यांचे फोटो काढताना कुणी नाव विचारत बसू नये. ते साक्षीचे काम आहे, आणि साक्षीदाराने आरोपीची परवानगी मागायची नसते. गर्दीचा, रस्त्याचा, बाजाराचा फोटोही वेगळा. माझे म्हणणे एकट्या चेहऱ्यापुरते आहे. एखाद्या माणसाला गर्दीतून वेगळे काढून 'हा गरीब', 'हा मुसलमान', 'ही विधवा' असा नमुना म्हणून आपण दाखवतो, तेव्हा त्याला विचारायला पंधरा मिनिटेही नव्हती, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बोलून काढलेले फोटोही काही निर्मळच असतात असे नाही. माणसाला बोलते करायचे, त्याच्या डोळ्यांत पाणी आणायचे आणि ते पाणी हजारो लोकांना दाखवायचे, याचाही धंदा होऊ शकतो. न्यूयॉर्कच्या धर्तीवर मुंबईत २०१४ मध्ये 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' सुरू झाले. त्यांनी २०२३ मध्ये, आपल्या कथा उचलल्या म्हणून तशाच दुसऱ्या एका उपक्रमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तेव्हा मूळ कल्पना ज्याची, त्या स्टँटननेच जाहीर नाराजी व्यक्त केली. माणसांच्या कथा सांगण्याच्या कल्पनेवर कुणाची मक्तेदारी असू शकत नाही, दुसऱ्याचा मजकूर आणि मांडणी मात्र जशीच्या तशी उचलता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या वादात मला एकच गोष्ट खटकली. कथा तुझी की माझी, असे दोन उपक्रम भांडत होते, आणि जिच्या आयुष्यात ती घडली त्या माणसाचा त्यात आवाजच नव्हता.

म्हणून नुसती मान हलली म्हणजे परवानगी मिळाली, असे मानू नये. हा फोटो किती लोक पाहतील, कुठे जाईल, खाली काय असेल, हे सांगून मिळालेली मान खरी. आणि पुढे कधी त्या माणसाने 'काढून टाका' म्हटले, तर काढून टाकायची तयारी हवी.

हे सगळे वाचून आपल्या गावातल्या वाचकाला वाटेल, मुंबई-न्यूयॉर्कच्या छायाचित्रकारांचे प्रश्न आपल्याला कशाला? तर याच महिन्यात आपल्याच गावात निघणाऱ्या एका फोटोकडे पाहा. रमजानमध्ये जकात आणि फितऱ्याच्या पैशांतून गरजू घरांना शिधा दिला जातो. पाच किलो तांदूळ, पीठ, तेल, साखर, शेवया, खजूर. चांगले काम आहे आणि ते वाढायला हवे. पण पिशवी देताना पिशवीला सहा हात लागलेले असतात. पाच हात देणाऱ्यांचे, ते कॅमेऱ्याकडे पाहत असतात. सहावा हात घेणाऱ्या बाईचा, ती जमिनीकडे पाहते. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर. त्या बाईची मुलगी माझ्या वर्गात असू शकते. तिच्या मैत्रिणी त्याच गटांवर असतात.

हे फक्त मुसलमानांत होते असे नाही. सरकारी रुग्णालयात वाढदिवसाची केळी वाटताना, थंडीत फुटपाथवर ब्लँकेट देताना, जिल्हा परिषदेच्या शाळेत दप्तरे देताना हेच सहा हात दिसतात. इस्लाममध्ये गुपचूप दिलेल्या दानाला मोठा मान आहे, आणि आपल्या मराठी घरांतही गुप्तदान हा शब्द परका नाही. जमा-खर्चाचा पुरावा हवा, हे मान्य. मग पिशव्यांचा फोटो काढा, पावत्यांचा काढा, वाटप करणाऱ्या स्वयंसेवकांचा काढा. घेणाऱ्याचा चेहरा हा हिशेबाचा कागद नव्हे. आमच्या गल्लीतल्या काही तरुणांनी दोन वर्षांपासून पिशव्या रात्री तरावीहनंतर दारात ठेवायला सुरुवात केली आहे. कडी वाजवून पुढे जातात. एकाही घराने तक्रार केलेली नाही, आणि देणगी कमी झालेली नाही.

मी ज्या शब्दापासून सुरुवात केली, त्याचे मूळ कुरआनच्या ४९ व्या सूरहमध्येही सापडते. 'अल-हुजुरात' ही १८ आयतींची छोटी सूरह. तिच्या तीन आयती पाठोपाठ वाचाव्यात. अकरावीत सांगितले आहे की कुणाची टर उडवू नका, टोपणनावांनी हिणवू नका. बारावीत संशय घेण्याला, दुसऱ्याच्या आयुष्यात चोरून डोकावण्याला आणि पाठीमागे वाईट बोलण्याला मनाई आहे. आणि तेरावीत माणसांच्या जाती-जमाती वेगवेगळ्या का, याचे उत्तर आहे: एकमेकांचा परिचय व्हावा म्हणून. तिथे जे क्रियापद येते ते 'तआरुफ'च्याच धातूचे. तेरावी आयत केवळ मुसलमानांना उद्देशून नाही, साऱ्या मानवजातीला आहे. आयतींचा हा क्रम मला रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठीच लावल्यासारखा वाटतो. आधी नाव नीट घे. डोकावू नको. मग ओळख कर.

ईदच्या दिवशी ईदगाहबाहेर आपले अनेक हिंदू मित्र शुभेच्छा द्यायला येतात, फोटोही काढतात. जरूर काढावेत. आमच्या मुलांना नव्या कपड्यांत फोटो काढून घ्यायला फार आवडते. एकेकाळी ईदला सारे कुटुंब नटूनथटून स्टुडिओत जायचे. मागच्या पडद्यावर काश्मीर हवे की ताजमहाल, हे ज्याचा फोटो असेल तोच ठरवायचा. तो हक्क आता मोबाइल धरणाऱ्याच्या हातात आला आहे, तेव्हा थोडी जबाबदारीही त्याच्याकडे आली. ओळीत शेवटी बसलेल्या म्हाताऱ्या चाचांचा सुरकुतलेला चेहरा तुम्हाला मोहात पाडेल. तो सुंदरच आहे. फक्त आधी जवळ जा, सलाम करा किंवा नमस्कार, दोन्ही चालते. आपले नाव सांगा, त्यांचे विचारा. कदाचित ते फोटोला नाही म्हणतील. बहुतेक वेळा ते तुम्हाला शीरखुर्म्याला घरी बोलावतील.